गुलाबी ठिपक्याचं पुस्तक

पुस्तक टेबलावर आपटलं आणि डिंकाची बाटली आडवी झाली. ‘शांतता राखा’ ही पाटी ज्या दारावर होती त्याच दारामागून आवाज आला, तेव्हा बाहेर वाचत बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या आणि परत खाली घातल्या. त्यांना सवय होती. वाळवीचं एक पुस्तक वाचून संपलं, एवढाच त्याचा अर्थ होता.

तिचं खरं नाव हजेरीच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. लहानपणी थोरल्या बहिणीने, ताईने, तिला कपाटामागे दडून पुस्तक फस्त करताना पकडलं आणि वाळवी म्हटलं. ते जे चिकटलं ते निघालंच नाही. ग्रंथालयात वाळवीला नोकरी देणारे आपण पहिलेच, असं ग्रंथपाल प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे आणि स्वतःच हसायचे. तिचं काम मागच्या खोलीत चालायचं. फाटलेली पानं चिकटवायची, सुटलेले पुठ्ठे बांधायचे, नव्या पुस्तकांना कव्हरं घालायची. कव्हर घालण्याआधी पुस्तक वाचायचं हा नियम मात्र तिचा तिनेच केला होता, आणि त्यापायी कामं तुंबायची.

‘काय झालं?’ ग्रंथपालांनी दारातून विचारलं. आग लागली तरी ते कुजबुजत सांगतील असा त्यांचा आवाज होता.

‘लॉकेट,’ वाळवी म्हणाली. ‘तो तिला लॉकेट देतो. आत काय, तर कॅमेरा. तिला सांगत नाही. पुढे तिला तो सापडतो. मग ही बया काय करते?’

‘पोलिसांत जाते.’

‘रडते. आनंदाने. म्हणते, माझी इतकी काळजी आजवर कुणी केली नव्हती. आणि त्याच्या गळ्यात पडते. पुढच्या प्रकरणात लग्न.’

ग्रंथपालांनी बाटली उभी केली. ‘वाचकांना आवडतंय. रांग लागलीय त्याच्यासाठी.’

‘म्हणूनच तर माझं डोकं फिरलंय.’

गैरसमज नको. प्रेमकथांवर वाळवीचा जीव होता. लग्न तिने केलं नव्हतं, वाचनातून सवड झाली नाही असं ती सांगायची. पण कागदावरची लग्नं तिने शेकड्यांनी लावून दिली होती. बेकरीवाली आणि तिचं भाडं वाढवायला आलेला घरमालक, एकमेकांचं तोंड न बघणारे दोन वकील, वादळात अडकलेली दोन माणसं आणि नेमकी एकच खाट, सगळं तिला चालायचं. शेवटी ते एकत्र येणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असूनही ती नखं खायची. पण हल्ली या नायकांना काय धाड भरली होती कोण जाणे. पूर्वीचा नायक चुकायचा, माफी मागायचा, निदान लाजायचा तरी. आताचा नायक अख्खी इमारत विकत घ्यायचा, कारण ती तिथे राहते. तिच्या मैत्रिणीला लांबच्या शहरात नोकरी लावून द्यायचा, म्हणजे मैत्रीण टळली. ती झोपली की खुर्ची ओढून बघत बसायचा. आणि दर दहा पानांनी ‘तू माझी आहेस’ असं म्हणायचा, जशी काही ती छत्री होती आणि कुणीतरी चुकून नेली असती.

दुसरीकडे त्या डिस्टोपियन कादंबऱ्या. उद्याच्या काळातलं शहर, भोवती भिंत, वर सरकार, आणि सरकारचा डोळा प्रत्येकाच्या ताटात. त्यांचंही नुसतं पीक आलं होतं. त्यातल्या निम्म्यांवर वाळवी खवळायची. एकटी पोरगी अख्ख्या राज्याला पुरून उरायची, क्रांती ऐन रंगात आली की तिला दोन मुलांपैकी कोण बरा हा प्रश्न पडायचा, आणि तिसऱ्या भागात लेखकाचाच दम संपायचा. पण चांगली हाती लागली की वाळवी जेवण विसरायची. नुकतीच तशी एक आली होती. त्यात काळजी खातं नावाचं सरकारी खातं होतं आणि प्रत्येक बाईमागे एक काळजीवाहू नेमलेला. तो सकाळी येऊन हवा बघून तिचे कपडे काढून ठेवायचा, तिने काय खावं ते ठरवायचा. तिच्या दारावर एक निळा दिवा असायचा. ती आत असली की पेटायचा, बाहेर पाऊल टाकलं की विझायचा, आणि मग काळजीवाहू धावत यायचा. गोष्ट ती बाईच सांगते, आणि अर्धं पुस्तक होईपर्यंत ती त्याच्यावर बेहद्द खूश असते. आपण कोंडलेले आहोत हे तिच्याआधी वाचणाऱ्याला कळतं. वाळवीला ते कळलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता.

दोन्ही पुस्तकं तिने एकापाठोपाठ एक वाचली, आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली ती त्यामुळेच. दोन्हींत माणूस तेच करत होता. तसंच बघत होता, तसंच ठरवत होता, दारं तशीच लावून घेत होता. वरच्या मजल्यावरच्या कपाटात त्याला जुलूम म्हणायचे आणि खालच्या मजल्यावरच्या कपाटात प्रेम. मधे फक्त एक जिना होता.

ग्रंथालयात तेव्हा ‘झाकलं पुस्तक’ नावाचा प्रकार चालू होता. पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घालायचं, नावाचं पान पट्टी चिकटवून बंद करायचं, आणि वाचकाने नाव न कळताच ते न्यायचं. शेवट वाचून झाला की मगच पट्टी फाडायची. पुस्तक कोणत्या प्रकारचं आहे एवढं कळावं म्हणून कव्हरवर रंगीत कागदाचा ठिपका असायचा. प्रेमकथेला गुलाबी, डिस्टोपियनला राखाडी. खाली आधी वाळवी स्वतःच्या मनाने दोन ओळी लिहायची. मग एका पुस्तकावर तिने ‘नायकाला तुरुंगात टाका’ असं लिहिलं आणि ग्रंथपालांनी नियम काढला की यापुढे मत नको, पुस्तकातलंच एखादं वाक्य लिहा. तेव्हापासून वाळवी वाक्य लिहायची आणि मत पोटात ठेवायची, आणि ते तिला पचत नव्हतं.

त्या दिवशी ती दोन्ही पुस्तकं खाकी कव्हरं घालून शेजारी शेजारी ठेवून ठिपके कापत होती, तेवढ्यात भाचीचा फोन आला.

‘मावशी, तुला आधी सांगतेय. आईला अजून बोलले नाहीये. मी तलाव सोडतेय.’

भाची पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. पाण्याला घाबरून काठाला चिकटलेलं पोर ती बोलता बोलता कधी सोडवून घ्यायची ते त्या पोरालाही कळायचं नाही. जमिनीवर ही मुलगी जरा बुजरी, दुकानात सुट्टे कमी आले तरी मागायची नाही. पाण्यात उतरली की मात्र तिचा आवाज पलीकडच्या भिंतीवर आपटून परत यायचा.

‘का सोडतेयस?’

‘त्याला बरं नाही वाटत गं. जबरदस्ती नाही करत तो. फक्त म्हणाला, तू तिथे असलीस की दिवसभर माझा जीव टांगणीला लागतो. कोण कोण येतं तिथे, बघत असतं. आता ही मुलं खोल पाण्यात तरायला लागली की सांगून टाकते. मग त्याच्या दवाखान्यात बसेन, पेशंटना वेळ द्यायला.’

‘तुला बसायचंय?’

‘त्याला काळजी वाटते, मावशी. तू चिडू नकोस.’

‘मी कुठे चिडलेय,’ वाळवी म्हणाली, आणि हातातल्या गुलाबी कागदाचा तिने भुगा केला.

तो म्हणजे दंतवैद्य. भाचीचं लग्न त्याच्याशी ठरलं होतं. माणूस गोड बोलायचा, वेळेवर यायचा, येताना ताईची औषधं आणायचा. ताईला त्याने कवळी बसवून दिली होती, त्यामुळे त्याच्याविरुद्ध तोंड उघडणं तिला जड जायचं. लग्न ठरलं त्याच आठवड्यात त्याने भाचीच्या फोनवर अशी सोय करून दिली की ती कुठे आहे ते त्याला नकाशात दिसावं. नकाशावर तिचा एक छोटा ठिपका हलायचा. ‘मी कुठे आहे तेही तिला दिसतं की,’ असं तो म्हणायचा. पण तो कायम दवाखान्यातच असायचा. त्याचा ठिपका हलणार तरी कुठे?

वाळवीने नवे ठिपके कापले आणि चिकटवले. रागाच्या भरात कोणतं पुस्तक डावीकडे आणि कोणतं उजवीकडे हे तिने बघितलं नाही. दोन्ही पुस्तकं तिने बाहेरच्या टोपलीत रद्दी टाकावी तशी टाकली.

दुसऱ्या दिवशी भाची येऊन गुलाबी ठिपक्याचं पुस्तक घेऊन गेली. ती नेहमी गुलाबीच न्यायची. कव्हरवर लिहिलं होतं, ‘तो सकाळी येतो आणि मग माझा दिवस सुरू होतो.’

घरी वाळवीने ताईकडे विषय काढून बघितला. ताईचे यजमान गेल्यापासून या तिघी एकाच घरात राहत होत्या, आणि या घरात भांडण म्हणजे कपडे वाळत घालताना होणारं बोलणं.

‘तिला नोकरी सोडायला लावतोय तो.’

‘लावत नाहीये. तिला वाटतंय,’ ताई चिमटे दातात धरून म्हणाली.

‘तिला वाटावं अशी व्यवस्था केलीय त्याने.’

‘तू ना, पुस्तकं वाचून वाचून सगळ्यांच्यात खलनायक शोधतेस. चांगला मुलगा आहे. काळजी करतो. मला विचार, नवरा कुठे आहे हे कळायची सोय असती तर मी किती सुखाने झोपले असते.’

‘त्याला नकाशात बघून?’

‘आता पुरे कर,’ ताई म्हणाली, आणि ओली चादर तिने अशी झटकली की वाळवीच्या तोंडावर पाणी उडालं.

मग एका सकाळी स्वयंपाकघरात भाची ते खाकी पुस्तक घेऊन आली. चेहरा फुललेला. चहा गाळायचा सोडून ती ओट्याला टेकून बोलायला लागली.

‘मावशी, हे वेगळंच आहे हं. नेहमीसारखं श्रीमंत वगैरे काही नाही. साधा माणूस आहे तो. पण किती करतो तिचं.’

वाळवीला वाटलं, आला तो लॉकेटवाला. तिने दात ओठ खाल्ले. ‘हो का? काय करतो?’

‘तिला कसला म्हणून विचार करावा लागत नाही. सकाळी बाहेर गार असलं की तो हिचा जाड कोट काढून ठेवतो. तिची एक मैत्रीण असते, ती तिला सारखं काहीबाही सांगून बेचैन करते, तर तो तिची बदलीच करून टाकतो. आणि तो दिवा. मला इतका आवडला तो दिवा.’

‘कसला दिवा?’

‘तिच्या दारावर. निळा. ती घरात असली की तो पेटलेला असतो, आणि तो लांबून नुसता दिवा बघून निवांत होतो. मी त्याला सांगितलं हे फोनवर. म्हटलं, तू पण तसाच आहेस.’

वाळवीच्या हातातली सुरी भाजीवर तशीच राहिली. काय झालंय ते तिला कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ठिपका चुकला होता. ही पोरगी काळजी खात्याच्या काळजीवाहूवर भाळली होती. कोठडीची गोष्ट ती गेले कित्येक दिवस प्रेमाची गोष्ट म्हणून वाचत होती, आणि तिला एकदाही शंका आली नव्हती. एका गुलाबी कागदाच्या चकतीवर तिचा एवढा विश्वास होता.

राग नक्की कुणाचा आला हे तिलाही सांगता आलं नसतं. लेखकांचा आला, दंतवैद्याचा आला, कव्हरवर मत लिहू न देणाऱ्या ग्रंथपालांचा आला, आणि इतकी हुशार मुलगी असं कसं वाचते म्हणून भाचीचाही आला. न्हाणीघरात जाऊन तिने नळ सोडला आणि टॉवेल तोंडात धरून जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडून घेतलं. मग तोंड धुऊन बाहेर आली.

‘संपलं का वाचून?’ तिने विचारलं.

‘थोडं राहिलंय.’

‘संपव. शेवटपर्यंत वाच. मग बोलू आपण.’ एवढं बोलायला तिला जे बळ लागलं ते आयुष्यात कशाला लागलं नव्हतं.

सोमवारी भाचीने पुस्तक संपवलं, आणि मंगळवारी दुपारी ती ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत घुसली. तिने पुस्तक टेबलावर आपटलं. डिंकाची बाटली पुन्हा आडवी झाली. बाहेरच्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या, कारण या वेळी वाळवी आपली गप्प बसलेली दारातून दिसत होती.

‘तू मुद्दाम केलंस,’ भाची म्हणाली.

‘मुद्दाम केलं असतं तर छाती पुढे काढून सांगितलं असतं. ठिपका चुकला.’

‘तुझा ठिपका कधी चुकलाय?’

‘तू नोकरी सोडतेस म्हणालीस तेव्हा चुकला. हातात कात्री होती, दुसरं काही चुकलं नाही हे नशीब समज.’

भाचीचे डोळे लाल होते. ‘मला किती घाण वाटलं माहितेय? शेवटी तिला कळतं ना, तो दिवा तिच्यासाठी नव्हताच म्हणून. मी तलावाच्या फाटकात उभी राहून वाचत होते. पाय हलेनात माझे. आधीची सगळी पानं परत उलटून बघितली. सगळं तेच होतं, मावशी. एक शब्द बदलला नव्हता. मीच हसत हसत वाचलं होतं.’

‘मग आता तरी...’

‘नाही. तू बोलू नकोस. मला ठाऊक आहे तू काय म्हणणार. तो तसा नाहीये. तो माणूस आहे, खातं नाहीये. सगळं एकाच तागडीत तोलायचं नाही.’ तिने पुस्तक परत उचललं. नावाच्या पानावरची पट्टी अजून तशीच होती. ‘मी हे त्याला वाचायला देणार आहे. असंच. गुलाबी ठिपक्यासकट. मला शेवटी जो राग आला तोच त्यालाही येईल, आणि मग तू त्याला नावं ठेवणं बंद करायचं.’

‘आणि नाही आला तर?’

‘येईल. पण तो घरी येईल तेव्हा तू एक शब्द बोलायचा नाहीस. नाही तर तो म्हणेल मावशीने शिकवून ठेवलंय.’

‘मी? गप्प?’

‘कबूल कर.’

वाळवीने कबूल केलं. मूग गिळून बसायची तिला सवय नव्हती, पण या पोरीचा आवाज आज बऱ्याच दिवसांनी पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचला होता, आणि ते तिने ऐकलं होतं.

दंतवैद्याने पुस्तक वाचलं. तो दिलेलं काम करणारा माणूस होता. दोन पेशंटच्या मधे, खुर्चीतल्या माणसाचा जबडा बधिर होईपर्यंत, अशी त्याने पानं काढली. पुढच्या रविवारी दुपारी तो चहाला आला तेव्हा पुस्तक त्याच्या हातात होतं आणि कव्हरला एक सुरकुती नव्हती. ताईने कप मांडले. वाळवी कोपऱ्यातल्या खुर्चीत विणकाम घेऊन बसली. तिला विणता येत नव्हतं, पण हाताला काहीतरी हवं होतं.

‘छान आहे,’ दंतवैद्य म्हणाला. ‘मी काही वाचणारा माणूस नाही, मावशी, पण मला आवडलं. तुमची निवड चांगली आहे.’

वाळवीने मान डोलावली. सुई तिच्या बोटात रुतली.

‘शेवट कसा वाटला?’ भाचीने विचारलं. ती त्याच्या समोर बसली होती, पुढे झुकून. वाळवीने तिच्याकडे बघितलं. पोरगी मनापासून वाट बघत होती. त्याने बरोबर उत्तर द्यावं म्हणून ती जवळजवळ त्याच्या वतीने ओठ हलवत होती. त्या क्षणी वाळवीलाही वाटलं, दे बाबा बरोबर उत्तर. मला खोटं पाड.

‘शेवट सोडून बोललो मी,’ तो हसून म्हणाला. ‘शेवट नाही पटला.’

‘का?’

‘ती निघून का जाते? मला कळलंच नाही. त्याने काय कमी केलं तिला?’ त्याने कप खाली ठेवला. त्याचा आवाज खरोखर हळवा झाला होता. ‘तो शेवटी तिच्या दारासमोर उभा असतो ना, विझलेल्या दिव्याखाली, तेव्हा मला फार वाईट वाटलं. अगदी गलबलून आलं. एवढं जीव लावून करायचं आणि समोरच्याला त्याची किंमत नाही.’

‘बिचारा,’ ताई म्हणाली. तिने पुस्तक वाचलं नव्हतं.

वाळवीच्या तोंडात शब्द गर्दी करून आले. ते तिने एकेक करून मागे ढकलले.

‘पण ती कोंडलेली होती,’ भाची म्हणाली. ‘दार बाहेरून लावायचा तो.’

‘बाहेर होतं काय, सांग ना. थंडी. कुणी ओळखीचं नाही. तिला स्वतःचं भलं कळत नव्हतं, म्हणून त्याला करावं लागत होतं. आणि ती मैत्रीण, तिनेच सगळी आग लावली. तिला आधीच लांब पाठवायला हवं होतं, फार उशीर केला त्याने.’ मग त्याला काहीतरी आठवलं. ‘अरे हो. गेल्या सोमवारपासून विचारायचं होतं. तू तलावावरून सुटलीस आणि मग कितीतरी वेळ फाटकातच होतीस. ठिपका हलतच नव्हता. मी दोन पेशंट थांबवून बघत बसलो. कोणाशी बोलत होतीस?’

ताई साखरेचा डबा उघडायला गेली होती, तिचा हात झाकणावर राहिला.

‘कोणाशी नाही,’ भाची म्हणाली. ‘पुस्तक संपवत होते. हेच.’

‘मग तसं फोन करून सांगायचं की. माझा जीव वर-खाली.’

‘मला शेवट वाचायचा होता.’

‘घरी येऊन वाचता आला असता,’ तो समजावून सांगितल्यासारखं म्हणाला. ‘असं फाटकात उभं राहून कशाला? म्हणून मी म्हणतो, ते तलावाचं एकदा सुटलं की तुलाही शांतता आणि मलाही. सांगितलंस का तिथे?’

भाचीच्या चेहऱ्यावरची ती वाट बघणारी ओढ गेली होती. तिच्या जागी जे आलं ते वाळवीने आजवर स्वतःच्याच आरशात पाहिलं होतं. भाचीने पुस्तक ओढून घेतलं, नावाच्या पानावरची पट्टी नखाने उचकली आणि एका झटक्यात फाडली. ते पान उघडून तिने त्याच्यासमोर ठेवलं. वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘काळजी खातं’, आणि खाली बारीक अक्षरांत, एका कैद्याची कहाणी.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. ‘म्हणजे?’ तो म्हणाला. ‘ठिपका तर गुलाबी आहे.’

‘मलाही तो गुलाबीच दिसत होता,’ भाची म्हणाली. ‘मी शेवटपर्यंत वाचलं म्हणून मला कळलं. तूही शेवटपर्यंत वाचलंस.’

‘तू माझी परीक्षा घेत होतीस?’

‘नाही रे. मी मावशीला सांगितलं होतं की तुला राग येईल. पैज लावल्यासारखं सांगितलं होतं.’ तिचा आवाज इथे एकदा फाटला आणि लगेच सरळ झाला. ‘तुला राग आलाही. तिचा आला.’

तिने टेबलावरचा आपला फोन उचलला. बोटाने काहीतरी शोधलं, दाबलं, आणि तो पिशवीत टाकला. त्याच पिशवीत टॉवेल होता आणि पोहण्याचा चष्मा होता. रविवारी दुपारी तलाव मोठ्यांसाठी उघडा असायचा.

दंतवैद्याचा फोन थरथरला. त्याने सवयीने तो उचलून बघितला.

‘तुझा ठिपका दिसत नाहीये,’ तो म्हणाला.

‘मी दिसतेय ना? समोर बसलेय.’

‘नाही, पण इथे दिसत नाहीये. काही बिघडलंय का बघ. थांब, मी परत चालू करतो.’ तो फोनवर खाली वाकला. भाचीने क्षणभर त्याच्या भांगाकडे बघितलं, मग ती उठली. ताईने ‘अगं, चहा’ असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. दारात चपला सरकवताना भाचीने मावशीकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते आणि हनुवटी वर होती. मग तिच्यामागे दार उघडंच राहिलं आणि जिन्यावर तिची पावलं वाजत खाली गेली.

वाळवीने गप्प राहायचं कबूल केलं होतं आणि ते तिने पाळलं होतं. आता तो करार संपला असं तिने धरलं. तोंडात साचलेलं सगळं बोलायची तिची तयारी होती, अगदी पहिल्या पानापासून. पण समोर बघितलं तर त्या माणसाने अजून मान वर केली नव्हती. त्याचा अंगठा काचेवर घासत होता, पुन्हा पुन्हा. उघड्या दारातून वारा येत होता, तोही त्याला लागत नव्हता.

‘डॉक्टर,’ वाळवी म्हणाली, ‘ती गेली.’

‘एक मिनिट हं, मावशी,’ तो फोनकडे बघत म्हणाला. ‘ती कुठे आहे तेवढं बघतो.’